तीसपैकी सात, आणि घरी कुणाला माहीत नाही

प्रश्न असा आला आहे : "सर, माझं गाव रेणापूर तालुक्यात. अकरावी-बारावी लातूरला केली. सीईटीला ९३ पर्सेंटाइल होते. तिसऱ्या फेरीत पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. येऊन दोन महिने झाले. पहिल्या टेस्टला गणितात ३० पैकी ७ पडले. वर्गात मुलं इंग्रजीत बोलतात, मला उत्तर माहीत असूनही तोंड उघडत नाही. रूमवर रात्री दोनपर्यंत लाइट चालू असतो. मेसचं जेवण जात नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस कॉलेज बुडतं. घरी यातलं काही सांगितलेलं नाही. सोडून परत यावं आणि लातूरला बीएस्सी करावं का?"

मी पुण्यातल्या एका कॉलेजात २४ वर्षं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतोय. मधली नऊ वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टरही होतो. त्यामुळे तुझी कहाणी वाचताना मला गंमत वाटली म्हटलं तर रागावू नकोस. गाव आणि आकडे बदलले तर ही चिठ्ठी मी दर सप्टेंबर-ऑक्टोबरात वाचत आलोय. पहिल्या टेस्टनंतर एक आकडी मार्कांच्या उत्तरपत्रिकांचा वेगळा गठ्ठा माझ्या टेबलावर पडतो आणि त्यात बारावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेली पोरं असतात. तेव्हा ७ मार्कांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती तुझ्या शेवटून दुसऱ्या वाक्याची, 'घरी यातलं काही सांगितलेलं नाही' या वाक्याची. त्यावर मी पुढे येईनच, कारण सगळं उत्तर तिथेच आहे.

आधी मार्कांचं बघू. तू लातूरला दोन वर्षं काढलीस. तिथला दिवस कसा असतो ते मला तुझ्याआधीच्या पोरांनी सांगितलंय. पहाटे अभ्यासिका, मग कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी पुन्हा अभ्यासिका, रविवारी टेस्ट, आणि निकालाचा मेसेज थेट वडिलांच्या फोनवर. अभ्यास तू केलास, त्यात वाद नाही. पण कधी उठायचं, कोणता धडा घ्यायचा, किती गणितं सोडवायची हे दुसऱ्यांनी ठरवलं. इथे आठवड्याला साधारण तीस तास कॉलेज आणि उरलेला आठवडा तुझा. रोज आठ तास झोप धरली, जेवणखाण, कपडे धुणं, बसचा प्रवास धरला, तरी पन्नासेक तास मोकळे उरतात. आजवर तुझ्या हातात एवढा मोकळा वेळ कुणी दिलेलाच नव्हता. तो कसा वापरायचा हे तुला येत नाही यात लाज कसली? पहिल्या दिवशी सायकल हातात दिली तर पोरगं पडणारच.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या जातीची. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका गणिताला दोन मिनिटंही नाहीत. चुकलं तर मार्क कापत नाहीत. त्यामुळे तू दोन वर्षं काय शिकलास, तर पर्याय बघून उलटं जाणं, किंमत घालून तपासणं, शॉर्टकट, आणि शेवटी पर्यायावर क्लिक करणं. आता एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सत्रातल्या गणिताच्या, पेपरात मॅट्रिक्सची रँक काढायला आली. उत्तर 'दोन' हे तू मनातल्या मनात काढलंस आणि लिहिलंस. आम्हाला त्या 'दोन'ला फार तर एक मार्क देता येतो. बाकीचे मार्क पायऱ्यांना असतात. कोणत्या ओळीतून कोणती ओळ किती पटीने वजा केली ते बाजूला लिहिलंय का, प्रत्येक वेळी नवी मॅट्रिक्स मांडलीय का, शेवटी शून्य नसलेल्या ओळी किती म्हणून रँक किती हे वाक्य आहे का. मधे एखादी वजाबाकी चुकली तरी पद्धत बरोबर असेल तर सहापैकी चार मी हसत हसत देतो. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला, ते बरोबर असलं तरी, मला चार देता येत नाहीत. तुझ्या ७ मार्कांत किती गणितं खरोखर येत नव्हती आणि किती लिहिली गेली नाहीत, हे तुला आज माहीत नाही. ते उत्तरपत्रिका समोर घेऊन बसल्याशिवाय कळायचंही नाही.

शिवाय तू तिसऱ्या फेरीतून आलास. म्हणजे पहिल्या फेरीतली मुलं वर्गात बसून पंधरा-वीस दिवस झाले होते, एक युनिट निम्मं संपलं होतं. रोलच्या, लाग्रांजच्या प्रमेयापासून सुरुवात झाली असेल आणि तू आलास तेव्हा फळ्यावर टेलरची श्रेणी चालू असेल. सुरुवातीचा भाग कुणी तुला बोलावून शिकवला नसणार. तो तू मागायला हवा होतास. नाही मागितलास, कारण नवा होतास. हे सगळ्यांचं होतं.

आता मूळ मुद्दा. पहिल्या वर्षी बुडालेली पोरं मी पुष्कळ पाहिली. एम-वन अवघड होतं म्हणून बुडालेला त्यात विरळा. बाकीचे बुडाले ते तोंड चुकवण्याने.

वसतिगृहात एक मुलगा होता, विदर्भातला, ड्रॉइंगला हात इतका सुंदर की सबमिशनच्या आधल्या रात्री अर्धी विंग त्याची शीट समोर ठेवून रेघा मारायची. सुरुवातीला तापामुळे त्याची वर्कशॉपची दोन प्रॅक्टिकलं बुडाली. तिसऱ्याला गेला तर सर विचारणार, मागची दोन कुठे? म्हणून तिसऱ्यालाही गेला नाही. चौथ्याला जायचं तर आता तिन्हींचा जाब द्यायचा. मग त्या मजल्यावरच जायचं बंद केलं. वर्कशॉपचे सर कॅन्टीनमध्ये चहा प्यायचे म्हणून कॅन्टीनही सोडलं. नोव्हेंबरात डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी किंवा सबमिशन अपुरं असलेल्यांची यादी, लागली तेव्हा त्यात त्याचं नाव चार विषयांत होतं, आणि त्यातल्या तीन विषयांत त्याला काही अडचणच नव्हती. मी वर्कशॉपच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, ताप होता म्हणून सांगितलं असतं तर शनिवारी दुसऱ्या बॅचबरोबर बसवला असता." वर्ष गेलं त्याचं.

हे मी दुसऱ्यांचंच सांगतोय असं नाही. मी माण तालुक्यातून पुण्याला आलो तेव्हा एका काकूंकडे महिन्याची मेस लावली होती. दुसऱ्याच महिन्यात घरून मनीऑर्डर उशिरा आली. पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटली म्हणून मी मेसला जाणंच सोडलं. तो बोळ टाळून लांबच्या रस्त्याने कॉलेजला जायचो. तीन आठवडे मिसळ-पाव, चहा-बिस्किटं, आणि कधी कधी तेही नाही. शेवटी काकूंनीच एका पोराकरवी निरोप पाठवला. गेलो तर म्हणाल्या, "आजारी होतास काय रे? पहिला आठवडा ताट वाढून झाकून ठेवत होते." पैशाचं नावही काढलं नाही. मी तिथे उभा राहून रडलो. त्यानंतर गणितात एम.एस्सी. झालो, शिकवायला लागलो, पण तो बोळ चुकवणारा पोरगा दर वर्षी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला मला ओळखू येतो.

तू तो आहेस. आठवड्यातून दोन-तीन दिवस कॉलेज बुडतं असं लिहिलंस, का बुडतं ते लिहिलं नाहीस. मी सांगतो. रात्री उशिरा झोप लागते, सकाळचं लेक्चर चुकतं, मग साडेदहाला वर्गात शिरायचं म्हणजे साठ जणांच्या नजरा, त्यापेक्षा आज नकोच, उद्यापासून नीट जाऊ. उद्या काल काय शिकवलं ते कळत नाही. परवा पुन्हा नको. बरोबर ना? यावर एकच नियम मी मुलांना देतो आणि तो कडक पाळायला सांगतो. उशीर झाला तरी जायचं. साडेदहाला जा, बाराला जा, शेवटच्या प्रॅक्टिकलला जा, पण दिवस पूर्ण कोरा सोडायचा नाही. उशिरा आलेल्यावर शिक्षक दोन मिनिटं बोलतील. बोलू देत. गैरहजर राहिलेल्यावर कुणीच काही बोलत नाही आणि धोका नेमका तिथेच असतो. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट कागदावर आहे, पण ती मोजली जाते सत्राच्या शेवटी, तोवर वेळ गेलेली असते. आजच क्लास टीचरकडे जाऊन आपली हजेरी किती आहे ते विचार. आकडा कितीही वाईट असो, डोळ्यांसमोर असलेला बरा.

इंग्रजीबद्दल. माझं मत थोडं वेगळं आहे आणि काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. तुझं इंग्रजी कच्चं नाही. अकरावी-बारावीचं सायन्स तू इंग्रजी पुस्तकांतूनच केलंस, सीईटीचा पेपर इंग्रजीत वाचलास. वाचता येतं, समजतं. बोलायची सवय नाही, एवढंच. आणि वर्गात जी मुलं भराभर बोलतात त्यांना विषय येतो असंही नाही. डिसेंबरात सबमिशन आलं की बघ, ज्याची ड्रॉइंग शीट बरोबर त्याच्याभोवती हीच मंडळी गोळा होतात आणि तेव्हा सगळ्यांना अस्खलित मराठी येते. वर्गात शंका मराठीत विचार. पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत समोरचे शिक्षक मराठीच असतात, बिचकण्याचं कारण नाही. अमराठी मॅडम असतील तर तास संपल्यावर टेबलाजवळ जा, वहीतलं गणित पुढे कर आणि बोट ठेव. गणिताला तेवढी भाषा पुरते.

तोंडी परीक्षेसाठी मात्र तयारी लागते. ओरलला बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतात : हा प्रयोग कशासाठी केला? मग उपकरणाचं नाव, तत्त्व, उपयोग. प्रत्येक प्रयोगाची तीन-चार इंग्रजी वाक्यं स्वतः लिही आणि रूमवर मोठ्याने म्हण. मनात नाही, मोठ्याने. जिभेला वळण लागलं पाहिजे. रूममधली पोरं हसतील, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यातला एखादा म्हणेल, माझंही घे. अडकलास तर परीक्षकांना सरळ विचार, "सर, मराठीत सांगू का?" मी स्वतः बाहेरचा परीक्षक म्हणून जातो तेव्हा असं विचारणाऱ्याला कधी नाही म्हटलेलं नाही. गप्प बसणाऱ्याला मात्र मार्क देता येत नाहीत, इच्छा असली तरी.

रूमचं बघू. कॉट बेसिसवर राहतोस असं धरतो. तीन-चार जण, एक पंखा, एक ट्यूबलाइट, मालक वरच्या मजल्यावर. रात्री दोनपर्यंत लाइट चालू ठेवणारी पोरं वाईट नसतात, त्यांना तुझी झोप मोडते हे माहीतच नसतं, कारण तू भिंतीकडे तोंड करून पडून राहतोस. एकदा जेवताना, भांडणाच्या सुरात नाही, सांगून टाक : बारानंतर मोठा लाइट नको, टेबल लॅम्प वापरा. तीनशे-चारशे रुपयांचा लॅम्प लागला तर वर्गणी काढा. ऐकलं नाही तर महिनाअखेरीस दुसरी खोली बघ, पण डिपॉझिटची अट काय आहे, किती दिवस आधी सांगायचं आहे, ते आधी वाचून घे. अभ्यासाला रूम वापरूच नकोस हा त्याहून सोपा उपाय. कॉलेजची लायब्ररी, तिथली रिडिंग रूम, सातपर्यंत तिथेच बस. पेठेतल्या चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकांच्या नादी आत्ता लागू नकोस. तिथे स्पर्धा परीक्षेची मोठी मुलं बारा-बारा तास बसतात, त्यांना बघून तुला आपण काहीच करत नाही असं वाटत राहील, आणि चहाच्या टपरीवर त्यांच्या गप्पांत दोन तास जातील ते वेगळे. मोबाइलबद्दल मी काही बोलणार नाही, ते घरचे बोलतातच.

जेवण ही चेष्टेची गोष्ट नाही. मराठवाड्यातून आलेल्या मुलाला इथली गोडसर आमटी आणि वाफाळत्या भाताबरोबर रोजची पातळ पोळी जात नाही, हे मी वसतिगृहात दर वर्षी बघायचो. ज्वारीची भाकरी पोटात गेली नाही तर पोर चिडचिडं होतं. घरून शेंगदाण्याची चटणी, येसर आणि कडक भाकरीचा डबा मागव. कडक भाकरी आठवडाभर सहज टिकते. मेसवाल्या काकूंना विचार, आठवड्यातून दोन दिवस भाकरी मिळेल का. चार पोरांनी मिळून मागितली तर मिळते. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात आणि नेमकी तीच संध्याकाळ घरची आठवण काढते. त्या संध्याकाळी एकट्याने वडापाव खाऊन झोपू नकोस. रूमवरच्या पोरांबरोबर खिचडी टाका, बाहेर जा, काहीही करा, पण एकटा राहू नकोस. रेक्टर म्हणून मी जेवढी रडणारी मुलं पाहिली त्यातली निम्मी रविवारी रात्री माझ्या दारात आली होती.

मित्र कसे करायचे हे विचारलं नाहीस, तरी सांगतो. पाच क्लबांत नाव घालू नकोस. एक निवड. मला विचारशील तर राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं खेड्यातलं शिबिर असतं. शिबिरात बंधाऱ्याचं काम निघतं तेव्हा शहरातली पोरं कुदळ कशी धरायची ते बघत उभी राहतात आणि तुझ्यासारखा मुलगा पहिल्यांदा पुढे होतो. मला अशी पोरं आठवतात जी शिबिराला जाईपर्यंत वर्गात दिसायची नाहीत, आणि परतताना बसमध्ये सगळ्यांच्या मधे बसून गात होती. नाटकाची आवड असेल तर पुरुषोत्तम करंडकाची तालीम असलेल्या गटात बॅकस्टेजला घुस. तिथे गाव, भाषा, पर्सेंटाइल कुणी विचारत नाही, रंगमंचावरच्या लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, धरायला हात हवे असतात.

पैशाचंही तोंड चुकवू नकोस. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का? तुझ्या प्रवर्गाप्रमाणे आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे योजना वेगळ्या आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती फीच्या बाबतीत मदत करते, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता राहण्या-जेवणासाठी असतो, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या मुलांना स्वयं योजना आहे. कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमध्ये शिष्यवृत्ती बघणारा क्लार्क कोण ते शोध, त्याच्याशी ओळख कर. पहिल्या वर्षातला हा सर्वात उपयोगी माणूस, आमच्यासारखे प्राध्यापक त्याच्या नंतर. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकून बसतात, ते आधी तपास. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, डोमिसाइल, सगळ्यांच्या पाच-पाच झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन ठेव. अर्ज परत आला तर तो का परत आला ते वाचून पुन्हा भर. पुष्कळ मुलांचा अर्ज एका पुसट झेरॉक्सपायी परत येतो आणि ती लॉगिन करून बघतच नाहीत. खर्चाची ओढाताण असेल तर कमवा व शिका योजनेत काम मिळतं का तेही विचार. विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते, त्यात लायब्ररीत, ऑफिसात काम करणाऱ्या मुलाकडे कुणी कमीपणाने बघत नाही. बघत असेल तर तो तुझा प्रश्न नाही.

त्रास जर कुणी मुद्दाम देत असेल, सीनियर असोत की रूममधले, तर ते सहन करण्यात मर्दुमकी नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, प्रवेशाच्या वेळी तू आणि वडिलांनी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर सही केली असेल. देशभराचा हेल्पलाइन नंबर १८००-१८०-५५२२ आहे. आणि रॅगिंग नसताना नुसतंच मन बसत असेल, सलग दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, आंघोळीचाही कंटाळा, जगून काय करायचं असे विचार, तर ते 'करमत नाही'च्या पलीकडचं आहे. त्याला इच्छाशक्ती कमी पडली असं कुणी म्हणेल, ते ऐकू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. असे विचार येत असतील तर बाकीचं सगळं उत्तर बाजूला ठेव आणि आजच फोन कर, रूममधल्या एकाला शेजारी बसवून कर.

तू लिहिलंस त्यावरून मला तसं वाटत नाही. तुला भूक आहे, फक्त इथलं जेवण जात नाही. तुला राग आहे, लाज आहे. ही जिवंत माणसाची लक्षणं आहेत.

आता सोडून जायचं की नाही. सोडणं पाप नाही, हे आधी सांगतो. माझा एक विद्यार्थी पहिलं सत्र संपल्यावर इंजिनिअरिंग सोडून शेतीच्या पदवीला गेला आणि मीच त्याच्या वडिलांना तसं करा म्हणून सांगितलं, कारण त्याला यंत्रांची आवडच नव्हती, घरच्यांनी घातलं होतं. पण त्याने तो निर्णय पेपर देऊन घेतला. पेपर चुकवून नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आज तू परत गेलास तर तुला कधीच कळणार नाही की इंजिनिअरिंग आवडलं नाही, की ट्यूबलाइट आणि आमटी आवडली नाही. सत्राचे पेपर होईपर्यंत हा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि पान उलटू नकोस. पेपर झाल्यावर, सुट्टीत, घरी बसून ठरव. तेव्हा स्वतःला विचार : ज्या दिवशी गणित सुटलं, ड्रॉइंग जमलं, त्या दिवशी बरं वाटलं होतं का? हो असेल तर थांब. एकदाही वाटलं नसेल तर बीएस्सी, शेती, जे हवं ते कर. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट तुझ्या खात्यात जमा राहतात, मात्र ते दुसऱ्या शाखेत जसेच्या तसे चालतील असं धरून चालू नकोस.

एखादी केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी जग बुडत नाही. पुढच्या वर्गात जायला किती विषय राहिलेले चालतात हा नियम कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न आहे, कोणता पॅटर्न आहे, यावर अवलंबून असतो. सीनियरचं ऐकू नकोस, परीक्षा विभागातून तुझ्या वर्षाचा नियम मागून घे. गणिताची केटी मात्र शक्यतो ठेवू नये. बऱ्याच शाखांना दुसऱ्या वर्षी एम-थ्री असतं आणि तिथे पहिल्या वर्षाचं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन येतं हे धरूनच शिकवायला सुरुवात होते.

घरी सांगण्याबद्दल. वडिलांना फोन कर, मेसेज नको. आईकरवी सांगणंही नको, तेही तोंड चुकवणंच झालं. आधी आकडा सांग. "पप्पा, पहिल्या टेस्टला गणितात तीसपैकी सात पडले." मग थांब. ते जे बोलायचं ते बोलतील. लातूरला लाख-दीड लाख क्लासला घातले असतील, तेही निघेल. ऐकून घे. मग सांग की उद्या सरांकडे जाणार आहे, आणि पुढच्या टेस्टला काय करणार आहे. माझा अनुभव असा की बाप लोक मार्क कमी पडले म्हणून जेवढे चिडतात त्याच्या दसपट चिडतात दोन महिने लपवलं म्हणून. लपवलेल्या प्रत्येक आठवड्याला व्याज लागतं. आणि दर शनिवारी गावाकडची गाडी पकडू नकोस. जाऊन येऊन दोन रात्री प्रवासात जातात, पहाटे स्टेशनवर उतरून झोपाळलेला तू सोमवारचं पहिलं लेक्चर चुकवतोस. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, दिवाळी आहेच.

अभ्यासाला लगेच काय करायचं, ते सांगून थांबतो. मोठं वेळापत्रक करू नकोस, ते भिंतीवर छान दिसतं आणि चौथ्या दिवशी मोडतं. रोज संध्याकाळी लायब्ररीत दीड तास, त्या दिवशी जे शिकवलं तेच, वही बंद करून पुन्हा लिहून काढायचं. गणिताचं रोज एकच उदाहरण, पण सगळ्या पायऱ्यांसकट, परीक्षेत लिहितोस तसं. आठवड्याला सहा झाली. सत्राच्या शेवटी पन्नासच्या वर होतील आणि विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बघशील तर कळेल, तेच प्रकार फिरून फिरून येतात. रविवारी सकाळी हुकलेलं पहिलं युनिट. त्यासाठी वर्गातल्या पहिल्या फेरीतून आलेल्या एखाद्याची वही माग. मुलीची मागायला लाजू नकोस, सहसा त्यांच्याच वह्या पूर्ण असतात.

आणि सोमवारी गणिताच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. स्टाफ रूमच्या दारात चार मुलं उभी असतील तरी परतू नकोस, पाचवा उभा राहा. टेस्टची उत्तरपत्रिका परत दिली नसेल तर बघायला माग, ती दाखवावी लागते. "मी तिसऱ्या फेरीतून आलो, पहिलं युनिट झालेलं नाही, कुठे मार्क गेले ते सांगा" एवढं एक वाक्य पाठ करून जा. जाताना सोबत वही ने. कोरी नवी घेऊ नकोस, जी अर्धवट आहे तीच ने.